ट्रॅक्टरच्या हेडचे पॅकिंग घरी बदलताना

ऐन गळिताच्या भरात उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर पाणी फेकू लागला, की तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, टोळी बसून राहते. ‘हेडचं पॅकिंग गेलं’ हे शब्द म्हणूनच कुणाला ऐकवत नाहीत. गावच्या फिटरला हाताशी घेऊन हे काम वस्तीवर होते, यात शंका नाही. पण नवे पॅकिंग टाकूनही ते थोड्याच दिवसांत पुन्हा उडते, त्याचे काय?

हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या या पातळ थराला सिलिंडरचा दाब, पाणी आणि ऑईल हे तिन्ही एकमेकांपासून वेगळे ठेवायचे असतात. तो फुटला की रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पांढरा धूर निघतो, किंवा डिपस्टिकवरचे ऑईल दुधाळ चहासारखे दिसते. ऑईल असे दिसल्यावर ‘एवढी खेप टाकून येतो’ म्हणू नये. बेअरिंग जातात आणि खर्च कितीतरी पट वाढतो.

पॅकिंग बहुधा तापल्यामुळे जाते. रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुसा बसतो, फॅन बेल्ट ढिला असतो, आणि पाणी आटत चाललेले कुणी पाहत नाही. इंजिन तापले की हेड वाकते. वाकलेल्या हेडखाली कितीही भारी पॅकिंग टाका, टिकायचे नाही.

म्हणून इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हेड उघडावे. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करून ढिले करावेत. पुशरॉड ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोके पाडून खोचून ठेवावेत. हेड साफ केल्यावर त्यावर सरळ पट्टी उभी, आडवी, तिरपी धरून खाली फीलर गेज घालून बघावे. इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा जास्त फट निघाली तर हेड फेसिंगला पाठवावे. इथे दिवस वाचवू नये. चीर गेलेली असल्यास तीही तिथेच कळते. (जुन्या इंजिनाच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ते ओले करून काढावे, कोरडे खरवडू नये, हवा मारू नये. ती धूळ छातीला वाईट.)

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बोल्टच्या भोकात ऑईल किंवा पाणी साचलेले राहिले, तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते आणि ब्लॉक फुटू शकतो. भोके चिंधीने कोरडी करावीत.

आवळणी नेहमी मध्यापासून कडेकडे, निदान तीन फेऱ्यांत आणि टॉर्क पान्ह्यानेच करावी. पान्ह्याला पाईप लावून ‘अंगाच्या जोराने’ आवळणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांना नम्रपणे थांबवावे. किती आवळायचे ते प्रत्येक इंजिनाचे वेगळे असते, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा चालत नाही.

नंतर टॅपेट लावावेत, डिझेलच्या लाईनमधली हवा काढावी. पाणी मिसळलेले ऑईल फिल्टरसकट बदलावे. इंजिन चालवून गरम झाल्यावर पुस्तकात सांगितले असेल तर बोल्ट पुन्हा तपासावेत, आणि टॅपेटही पुन्हा बघावेत. रेडिएटरची जाळी मात्र हंगामभर रोज संध्याकाळी, इंजिन बंद करून, आतल्या बाजूने बाहेर हवा किंवा पाणी मारून साफ करावी.