इस्पितळातील जंतुदोष आणि उशाशी बसलेला माणूस

१८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. आणि पहिल्यात सूतिकाज्वराने दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या इतकी अधिक असे, की आपली रवानगी तिकडे होऊ नये म्हणून गर्भवती स्त्रिया डॉक्टरांचे पाय धरीत. त्या विभागातील तरुण हंगेरियन डॉक्टर इग्नाझ झेमेलवाइस यांचे एक प्राध्यापक मित्र शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी लागून मरण पावले, आणि त्यांच्या शवात आढळलेल्या विकृती त्या अभागी बाळंतिणींच्या शवांतील विकृतींसारख्याच आहेत हे पाहताच, विच्छेदनगृहातून थेट प्रसूतिकक्षात येणारे विद्यार्थ्यांचे, आणि खुद्द आपलेही, हातच हा मृत्यू वाहून आणीत आहेत, हे झेमेलवाइसांनी ओळखले. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्यावाचून कोणी रुग्णेला स्पर्श करू नये असा दंडक त्यांनी मे महिन्यात घातला. एप्रिलात शेकडा अठरा असलेले मृत्यूचे प्रमाण जुलैत दोनाच्याही खाली उतरले. तरीही अनेक प्रतिष्ठित डॉक्टरांना ही गोष्ट मानवली नाही.

आज रोगजंतू शाळकरी मुलालाही ठाऊक आहेत. तथापि घरून न आणलेला, दाखल झाल्यावर साधारणपणे ४८ तासांनंतर उद्भवणारा जंतुदोष अजूनही बहुतांशी हातांवाटे, नळ्यांवाटे आणि शस्त्रक्रियेच्या जखमेवाटेच शरीरात शिरतो. मूत्रनलिका, मोठ्या शिरेतील नळी, कृत्रिम श्वसनाची नळी या प्राण वाचवितात खऱ्या, पण गरज सरल्यावरही राहिलेली प्रत्येक नळी धोका वाढवीत असते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी हात धुणे, त्वचा क्लोरहेक्झिडिनने स्वच्छ करणे, निर्जंतुक आवरणे वापरणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि अनावश्यक नळी काढून टाकणे, एवढेच नियम कसोशीने पाळले, आणि शिरेतील नळीमुळे होणारा रक्तातील जंतुदोष त्यांच्याकडे दीड वर्षात दोनतृतीयांशाने घटला, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. म्हणून ‘ही नळी आज हवीच आहे का?’ हा प्रश्न नातेवाइकांनी रोज, अदबीने पण निःसंकोच, विचारावा. भिडेपोटी गप्प राहण्याची ही जागा नव्हे.

आपल्याकडे रुग्णाला एक्स-रेसाठी स्ट्रेचरवरून नेताना लघवीची पिशवी त्याच्या पोटावर ठेवण्याची सर्रास रीत आहे. पिशवी मूत्राशयाहून उंच गेली की नळीतील मूत्र उलटे फिरू शकते; तेव्हा ती कमरेच्या खाली, परंतु जमिनीला न टेकता, धरावी. सलाईनची सुई टोचलेली जागा लाल झाली, सुजली वा दुखू लागली, तर पुढच्या फेरीची वाट न पाहता सिस्टरांना सांगावे. आणि भेटीस येणाऱ्यांनी आधी आपलेच हात धुवावेत.

जंतुदोषाला तोंड देताना शरीराची प्रतिक्रिया बेताल होऊन स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागते, तेव्हा त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. २०१७ साली जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना ती जडली आणि १ कोटी १० लाख मृत्यू तिच्याशी निगडित होते, असा अंदाज आहे. ताप असतोच असे नाही. वृद्धांचे आणि नवजात अर्भकांचे अंग उलट गार पडू शकते. अशा वेळी घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर छातीची हालचाल मोजावी: प्रौढ माणसाचे श्वास २२ किंवा अधिक भरले, वरचा रक्तदाब १०० वा त्याखाली आला, लघवी कमी झाली, हातपाय थंड वा डागाळलेले दिसू लागले, तर डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. कालपर्यंत नातवंडांची नावे घेणारी आजी आज ‘गाय दोहायची राहिली, मला घरी न्या’ असे बरळू लागली, तर ‘वयामुळे होते’ म्हणून सोडून देणे मला फार घातक वाटते, कारण ही भ्रमिष्टता कित्येकदा अवयव थकल्याची पहिली खूण असते, आणि ती ओळखण्याइतके त्या आजीला डॉक्टर नव्हे, घरची माणसेच जाणतात. प्रतिजैविकापूर्वी तपासणीसाठी रक्त घेतात, परंतु त्यापायी उपचारात दिरंगाई होता कामा नये. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला प्रतिजैविक तासाभराच्या आत मिळावे असा दंडक आहे.

शस्त्रक्रियेच्या जखमेतील दोष महिनाभरात केव्हाही, म्हणजे घरी परतल्यावरही, प्रकट होऊ शकतो. टाक्यांतून पू आला, हुडहुडी भरली, धाप लागली, तर हळद वा घरगुती लेप न लावता डिस्चार्ज कार्ड घेऊन इस्पितळ गाठावे, आणि तेथील डॉक्टरांना शस्त्रक्रिया कधी व कसली झाली हे प्रथम सांगावे.