तक्त्यातली मुलं आणि ताण

शरीर आणि चित्त एकत्र पाहण्याचा आग्रह सांताक्रूझला नवा नाही. योगेंद्रजींनी १९१८ मध्ये वर्सोव्यात सुरू केलेली 'द योग इन्स्टिट्यूट' पुढे सांताक्रूझ पूर्वेलाच स्थिरावली. प्रयोगशाळांना मात्र या विचारापर्यंत यायला बराच वेळ लागला.

१९९३ हे त्यातलं महत्त्वाचं वर्ष. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांची बाळं वजनाला हलकी, पण अंगात चरबी राखून असलेली निघाली. म्हणजे काट्यावरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. त्याच वर्षी जर्मनीतल्या ट्रिअरहून ताण मोजायची एक चाचणी प्रसिद्ध झाली. निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे उभं राहून बोलायचं, मग तोंडी वजाबाक्या करायच्या. आधी आणि नंतर लाळेचे नमुने द्यायचे. लाळेतल्या कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकावरून शरीराने किती धास्ती घेतली ते कळतं.

हे धागे म्हैसूरला जुळले. जन्मापासून नोंदी ठेवलेल्या तिथल्या मुलांना किशोरवयात याच चाचणीला बसवलं गेलं. आईला गरोदरपणात मधुमेह असलेल्या मुलांच्या हृदयाचा आणि रक्तदाबाचा प्रतिसाद अधिक तीव्र आढळला. हा निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आला. त्याच वर्षी डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी भारतीय मुलांच्या वाढीचे नवे तक्ते दिले. प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळणाऱ्या रेषा त्यांत अतिवजन आणि स्थूलता दाखवतात.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते २००७-०८ मधलं स्कॉटलंडचं काम, जरी ते प्रौढांवरचं असलं तरी. उदास माणसांच्या, तसंच स्थूल माणसांच्या हृदयाचे ठोके अवघड गणितं सोडवताना इतरांपेक्षा कमी वाढले. किशोरवयीनांत चित्र इतकं सरळ नाही. वयात येण्याचा टप्पा आणि झोप त्यात मिसळतात. तरीही गप्प बसलेलं, कशानेच न हलणारं मूल म्हणजे शांत मूल, हे आपलं गृहीतक स्कॉटलंडच्या या कामामुळे डळमळतं.

२००४ मध्ये २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. चारचौघांत आपलं मूल्यमापन होतंय आणि ते आपल्या हातात नाही, अशा वेळी कॉर्टिसॉल सर्वाधिक चढतं, असं त्यात दिसलं. वर्गासमोर मोठ्याने वाचलेलं वजन किंवा लग्नघरात मावशीने मारलेली 'किती सुटलीयेस गं!' ही हाक याहून वेगळी नाही. जाड मुलीला हे ऐकावं लागतं, तसं काटकुळ्या मुलालाही.

वाकोल्यातल्या, कलिन्यातल्या, गोळीबारातल्या पालकांना आणि शिक्षकांना एवढीच विनंती: वजन घ्या, पण पडद्याआड घ्या, आणि त्याच बैठकीत झोप कशी आहे, मन कसं आहे, हेही विचारा. उत्तर ऐकून काळजी वाटली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.