पोरानं राज्यशास्त्र घेतलं, आता पुढं काय?



बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलेल्या मुलाला गावात एक प्रश्न ठरलेला असतो, "काय, आमदार व्हायचंय का?" इंजिनिअर झाला तर कारखान्यात लागेल, शेतकी पदवीधर झाला तर ऊस विकासाचं काम बघेल, राज्यशास्त्रवाल्याला कोण विचारतो, असा आपला समज. तो बरोबर नाही.

या विषयाचा आपल्या उसाशी थेट संबंध आहे. २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला या देशांनी जिनिव्हातील जागतिक व्यापार संघटनेकडे भारताविरुद्ध तक्रार नेली. तक्रार होती सरकार उसाला ठरवून देतं त्या दराची आणि साखर निर्यातीच्या अनुदानाची. डिसेंबर २०२१ मध्ये निवाडा भारताच्या विरोधात गेला व त्यावर भारतानं अपील केलं. म्हणजे आपल्या एफ.आर.पी.चा वाद सातासमुद्रापार चालतो. तिथं बाजू मांडायला करार, कायदा आणि परराष्ट्र व्यवहार जाणणारी माणसं लागतात. ती ऊसवाल्याच्या घरातून का जाऊ नयेत? शिरोळ तालुक्यातील अब्दुल लाटचे श्री. ज्ञानेश्वर मुळे १९८३ च्या तुकडीतून परराष्ट्र सेवेत गेले आणि पुढं न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले.

ही वाट केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जाते. पदवी कोणतीही चालते. पण मुख्य परीक्षेत 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा ५०० गुणांचा ऐच्छिक विषय आहे, शिवाय सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात राज्यघटना व परराष्ट्र संबंध येतातच. एकच अभ्यास दोन ठिकाणी कामी येतो.

आता कडू हिशेब. २०२४ च्या परीक्षेला सुमारे १० लाख अर्ज आले आणि शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. खुल्या गटाला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत ६ वेळा बसता येतं. पुण्याची खोली, मेस, क्लास, अभ्यासिका, हे सगळं उसाच्या बिलातून जातं. पोरगं तिशीला आलं तरी "यंदा होईल" असं म्हणत राहतं आणि बापाला विचारायचा धीर होत नाही. म्हणून पाठवण्याआधीच घरात बसून ठरवावं, किती वर्षं द्यायची आणि सोबत दुसरी कोणती वाट धरायची. क्लासची फी भरण्याआधी सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांकडं चौकशी करावी. पात्र मुलांना तिथून प्रशिक्षण व विद्यावेतन मिळतं.

दुसऱ्या वाटाही चांगल्या आहेत. पदवीनंतर तीन वर्षांची एल.एल.बी. करता येते. जमिनीचे, वाटणीचे, सोसायट्यांचे खटले आपल्याकडं काही कमी नाहीत. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा कोणत्याही पदवीधराला देता येते. पुढं अनुभव घेऊन सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करता येतं. कलम, नियम, पोटनियम वाचायची सवय राज्यशास्त्रवाल्याला असतेच, फक्त हिशेब शिकावा लागतो. शिकवण्याची आवड असेल तर एम.ए. करून नेट-सेट द्यावी किंवा बी.एड. करावं. दिल्लीत खासदारांसोबत वर्षभर संसदेचं काम शिकवणारी 'लॅम्प' नावाची फेलोशिपही पंचविशीच्या आतल्या पदवीधरांसाठी आहे.

यातली कोणतीही वाट धरली तरी इंग्रजी वाचता-लिहिता आलं पाहिजे आणि संगणकावर हात बसला पाहिजे. नुसत्या पदवीच्या कागदावर कोणी नोकरी देत नाही. आणि हे सगळं लेकींनाही तेवढंच लागू आहे. मुलासाठी पुण्याची खोली बघणाऱ्यानं मुलीचं शिक्षण बी.ए.वर थांबवू नये.

आपण लागणीआधी पाणी किती, खत किती, तुटायला कधी येईल, याचा विचार करतोच. मुलांच्या शिक्षणाचाही तसाच विचार पहिल्या वर्षी करावा, म्हणजे पुढं पस्तावायची वेळ येणार नाही.