मेजापासून बांधापर्यंत (लेखांक सहावा)

काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या चिन्हापुढे मुखोद्गत आज्ञा बिनचूक टंकित केल्याखेरीज यंत्र दादच देत नसे, त्या काळाचा परामर्श आपण मागील लेखांकात घेतला. त्या आज्ञांची जागा चित्रांनी, चौकटींनी आणि अखेरीस बोटाच्या स्पर्शाने कशी घेतली, आणि हे स्थित्यंतर ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांपर्यंत पोचल्यावर त्याची कसोटी कशी लागली, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

ह्या विद्येचा उगम पाहू जाता, १९६३ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती रेखाटून दाखविणारे आयव्हन सदरलँड प्रथम आठवतात, आणि त्यांच्यामागोमाग ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भरसभेत माउस हाती घेऊन पडद्यावरील मजकुराची मांडणी बदलून दाखविणारे डग्लस एंगलबार्ट. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राने १९७३ मध्ये आल्टो हा संगणक सिद्ध केला, आणि १९८१ मध्ये त्या कंपनीने स्टार नावाचे जे यंत्र विक्रीस काढले, त्याच्या पडद्यावर कचेरीतील मेज मांडलेले असून त्यावर कागद, फायली आणि टपालाच्या पेट्या चित्ररूपाने ठेवलेल्या होत्या. पुढे १९८४ चा मॅकिंटॉश आणि १९८५ पासूनचे विंडोज ह्यांनी हाच संसार जगभर नेला. स्मरणातून आज्ञा काढण्यापेक्षा समोर दिसणारी वस्तू ओळखणे मनुष्याच्या बुद्धीस सुलभ जाते, हे त्यामागील तत्त्व निःसंशय थोर होते. परंतु ओळखण्यासाठी ती वस्तू आधी पाहिलेली असावी लागते, आणि ते मेज अमेरिकेतील कारकुनाने पाहिलेले होते.

आपल्याकडे ह्याहून अगोदरचा प्रश्न अक्षरांचा होता. उच्चारात व्यंजनामागून येणारी ऱ्हस्व इकाराची वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी काढावी लागते आणि जोडाक्षरांत मूळ वर्णांचे रूपच पालटते. रोमन लिपीसाठी घडलेल्या पडद्यास हे नियम शिकविण्याचे काम मोहन तांबे ह्यांनी कानपूरच्या आयआयटीत आरंभिले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत ते वाढीस लागले. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीस राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. सुलेखनकार, कवी आणि पवईच्या आयआयटीतील अध्यापक र. कृ. जोशी ह्यांनी घडविलेला 'मंगल' हा टंक विंडोज २००० बरोबर आला. ज्या देवनागरी पडद्याला आज आपण गृहीत धरतो, त्यामागे ह्या मंडळींची तपश्चर्या आहे, आणि तिचे ऋण मराठी समाजाने पुरेसे मानलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता महसुली दफ्तराकडे वळू. सातबाराच्या उताऱ्यात गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, तर नमुना बारा ही पिकांची नोंदवही. ही दुसरी नोंद पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या लेखणीने होत आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने ती लेखणी मोबाईलच्या रूपाने खातेदाराच्या हाती दिली. त्या पडद्यावर महसूल विभाग, जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक हा जो अनुक्रम येतो, तो खातेदाराच्या परिचयाचा आहे. येथे कोणा परदेशी कारकुनाचे मेज मध्ये येत नाही, आणि ही रचना मी मनापासून उत्तम मानतो. अडचण त्यानंतर, शेतात उभ्या पिकाचे छायाचित्र घेण्याच्या वेळी येते. खरीपाची पाहणी ऐन पावसाळ्यात. किन्हवली, डोळखांब किंवा माळशेजच्या पायथ्याच्या वाड्यांत तेव्हा भात, नागली, वरी चिंब भिजलेली असते, आणि बोटाच्या सूक्ष्म विद्युत्-प्रभावावर चालणारी काच ओल्या, चिखलाने माखलेल्या बोटास नीट ओळखीत नाही. त्यातच डोंगराच्या आडोशाने रेंज जाते. ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांतील कित्येकांच्या आयुष्यातील पहिला पडदा हाच आहे, ह्याचाही विचार रचनाकाराने केला पाहिजे.

संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन ह्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे प्रतिपादिले की, पडद्यावरील प्रत्येक कृती माघारी घेता आली पाहिजे, म्हणजे वापरणाऱ्याच्या मनातील भीती जाते. ई-पीक पाहणीच्या पुढील आवृत्तीत नोंद अठ्ठेचाळीस तासांच्या आत दुरुस्त करण्याची मुभा मिळाली, ती ह्याच तत्त्वाची अंमलबजावणी होय. चुकीच्या पिकाची नोंद कायम राहिली तर नुकसानभरपाईच्या वेळी खातेदार कोणापुढे गाऱ्हाणे मांडणार?

पडदा वाचता न येणाऱ्यांच्या अडचणीसाठी मुरबाड तालुक्यातील धसई गावाचा दाखलाही येथे दिला पाहिजे. नोटाबंदीनंतर अवघ्या काही आठवड्यांत, १ डिसेंबर २०१६ रोजी, हे गाव राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले आणि तेथील दुकानांत कार्ड घासण्याची यंत्रे आली. त्या यंत्राचा चिमुकला पडदा ज्यास वाचता येत नाही, त्यास आपला गुप्त क्रमांक दुसऱ्यास सांगावा लागतो. म्हणजे गुप्तताच संपली. पुढे दुकानादुकानांतून रक्कम जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारी जी ध्वनिपेटी आली, तिने पडदा वाचण्याची गरज निदान विक्रेत्यापुरती दूर केली.

माझा निष्कर्ष असा की, पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित कक्षात सिद्ध झालेली कोणतीही महसुली प्रणाली श्रावणातल्या बांधावर, ओल्या हाताने आणि अल्पशिक्षित खातेदाराकडून तपासून घेतल्यावाचून अमलात आणू नये. शहापूर-मुरबाडच्या ज्या वाचकांनी आपली पीक पाहणी स्वतः नोंदविली असेल, त्यांनी ती नेमकी कोणत्या पडद्यावर अडली हे अवश्य लिहून कळवावे. पुढील लेखांकात बोलून चालविण्याच्या यंत्रांचा विचार करताना ह्या पत्रांचा उपयोग होईल.