निवृत्ती चौक ते चिआंग माई : 30 मिलिसेकंद

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या निवृत्ती चौकातून निघून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली, की मुंबईत उतरायला सकाळ उजाडते. तेवढ्याच अंतराला काचेच्या तंतूतून धावणाऱ्या प्रकाशाला तीन मिलिसेकंदही लागत नाहीत. काचेत प्रकाशाचा वेग एक तृतीयांशाने घटतो, तरीही तो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो!

आता पेठेतली एखादी सॉफ्टवेअर इंजिनिअर डोळ्यांपुढे आणा. तिची कंपनी पुण्यात, आणि ती मात्र लॅपटॉप घेऊन थायलंडमधल्या चिआंग माईत मुक्कामाला. अशा फिरस्त्या नोकरदारांना ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात, आणि त्यांच्यात चिआंग माईचं नाव फार जुनं आहे. तिथे बसून ती बोलते, तो आवाज पुण्याला पोचतो कसा? उपग्रहावरून, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात खंडाखंडांतली जवळजवळ सगळी माहिती समुद्राच्या तळाशी पडलेल्या केबलींमधून वाहते.

त्यातली एक आहे ‘सी-मी-वी-4’. सिंगापूरपासून फ्रान्सपर्यंत सुमारे 18,800 किलोमीटर लांबीची ही केबल 2005 च्या अखेरीस सुरू झाली. थायलंडमध्ये ती सातूनला किनाऱ्यावर येते, भारतात चेन्नईला आणि मुंबईला. खोल समुद्रातली अशी केबल आपल्या उसाच्या कांड्याहूनही बारीक असते, आणि तिच्या पोटातला एकेक तंतू मिलिमीटरचा आठवा भाग. जाता जाता प्रकाश क्षीण होतो, म्हणून ठरावीक अंतरांवर एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेले तंतू त्याला पुन्हा बळ देतात. त्यासाठी लागणारी वीज किनाऱ्यावरून, हजारो व्होल्टच्या दाबाने, त्याच केबलीतून पाठवली जाते. वळसे धरून सगळी वाट सहा हजार किलोमीटरची मानली, तरी प्रकाशाचा प्रवास 30 मिलिसेकंदांचा. पापणी लवायला याच्या तिप्पट वेळ तरी लागतो!

घड्याळ मात्र असं झटकन जुळत नाही. थायलंड आपल्यापुढे दीड तास आहे. पुण्यातली दहाची मीटिंग तिथे साडेअकराला होते, म्हणजे सकाळ अख्खी हातात. तेच काम न्यूयॉर्कच्या कंपनीचं असेल, तर उन्हाळ्यात तिथले सकाळचे नऊ म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळचे साडेसहा आणि चिआंग माईत रात्रीचे आठ. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, ही शाळेत पाठ केलेली गोष्ट अशी रोजच्या जेवणाच्या वेळेत येऊन बसते.

आणि कायदा? त्याला प्रकाशाच्या वेगाशी देणंघेणं नाही. माणूस कुठल्या भूमीवर उभा आहे, एवढंच तो विचारतो. थायलंडने जुलै 2024 मध्ये ‘डीटीव्ही’ हा व्हिसा आणला. त्याची मुदत पाच वर्षं, एका खेपेला मुक्काम 180 दिवस, आणि खात्यात पाच लाख बाहत असल्याचा पुरावा हवा. नोकरी परदेशातल्या कंपनीचीच चालते. थाई कंपनीत काम करायचं तर वेगळा परवाना लागतो. त्याआधी मलेशियानेही 2022 मध्ये अशाच फिरस्त्यांसाठी ‘डी रांताऊ’ परवाना सुरू केला. कराचं गणितही मुक्कामावर आहे. कॅलेंडर वर्षात 180 दिवस राहिलात, की थायलंड तुम्हाला आपला करनिवासी मानतो; भारताच्या हिशेबात आर्थिक वर्षातले 182 दिवस महत्त्वाचे ठरतात. म्हणून निघण्याआधी कंपनीची लेखी परवानगी आणि कर सल्लागाराची भेट, दोन्ही हव्यातच.

मला सर्वांत मोठं नवल वाटतं ते याच्या पलीकडचं. केबलीला दिशा नसते. जी वाट चिआंग माईला कोल्हापूरशी जोडते, तीच कोल्हापूरला साऱ्या जगाशी. पेठेतल्या किती पिढ्यांनी नोकरीसाठी पुण्या-मुंबईची गाडी धरली! आज काही कामांपुरती तरी जाणं ही सक्ती राहिलेली नाही. हौसेने सहा महिने थायलंडला राहावं आणि परत येऊन, आईवडिलांसोबत पेठेतच राहून, तेच काम पुढे चालू ठेवावं, हे आता शक्य आहे. जगभर फिरण्याच्या मुभेपेक्षा आपल्या घरी राहण्याची ही मुभा मला कितीतरी मोलाची वाटते.