ख्रिस्तपुराणांतील ‘वैकुंठ’ : प्रतीकविचार आणि पाठविचार

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठी अभ्यासकांस अपरिचित नाहीं. परंतु त्याची कीर्ति बहुधा मराठी भाषेच्या स्तुतिपर ओव्यांपुरतीच राहिली आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्राचे अभ्यासक नेल्सन फलकाव ह्यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत ह्या पुराणाकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. हिंदु परंपरेंतील शब्द, रूपें व संकेत ख्रिस्ती उपदेशास कसे साधनीभूत झाले, हा त्यांच्या विवेचनाचा विषय होय. ह्या प्रतीकविचारास पाठविचाराची जोड मिळाल्यावांचून तो पूर्ण होत नाहीं, असें आमचें मत आहे. आणि पाठविचार हा हस्तलिखितें जतन करणारांच्या हातीं असल्यामुळें तो येथें मांडीत आहों.

स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचे. ते १५७९ सालीं गोव्यास आले व १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत मुख्यतः साष्टी प्रांतांत राहिले. त्यांचा ग्रंथ प्रथम १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आवृत्त्या निघाल्या. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. पहिल्या पुराणांत जुन्या करारांतील कथा व दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र असून एकंदर ओव्या सुमारें ११,००० आहेत. अध्यायांस ग्रंथकार ‘अवस्वरु’ म्हणतो. पूर्वीचीं पुराणें सोडावीं लागलेल्या नवख्रिस्ती लोकांनीं त्यांच्या जागीं दुसरें पुराण मागितलें, असा प्रस्ताव ग्रंथारंभींच आहे. अर्थात् ओवी व पुराण हीं रूपें येथें केवळ अलंकार नव्हत. तीं एका मागणीस दिलेलें उत्तर आहेत.

आतां ‘वैकुंठ’ हा शब्द पाहूं. विष्णूच्या लोकाचें हें नांव ख्रिस्ती पाद्रीनें देवाच्या धामास कां द्यावें? स्वर्ग हा शब्द तर तयारच होता. ह्याचें कारण, आम्हांस वाटतें, संस्कृत परंपरेंतच सांपडतें. आमच्या शास्त्रांप्रमाणें स्वर्ग हें पुण्याचें फळ होय. पुण्य सरलें कीं जीव पुनः मर्त्यलोकीं येतो. ज्या धर्मास शाश्वत व पुनरावृत्तिरहित असें पद सांगावयाचें आहे, त्यास हा शब्द अपुरा पडतो. वैकुंठास गेलेला भक्त मात्र परतत नाहीं, ही भावना लोकांत रुजलेली होती. शिवाय ग्रंथाच्या प्रारंभींच्या नमनांत परमेश्वरास स्वर्ग व पृथ्वी ह्यांचा कर्ता म्हटलें आहे. तेथें स्वर्ग हा निर्मिलेल्या सृष्टीचाच एक भाग ठरतो. हा भेद ग्रंथभर कसोशीनें पाळला आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु निवड आंधळी नव्हती, एवढें निश्चित.

ह्याच्या उलट, पवित्र आत्म्याच्या नांवासारख्या कांहीं संज्ञा रोमन पाठांत परभाषेच्या रूपांतच राहिल्या आहेत. धामास देशी नांव चाललें, पण त्रैक्याच्या गाभ्यास हात लावतांना लेखणी सावध झाली, असें अनुमान ह्यावरून करण्याचा मोह होतो. येथेंच पाठाचा प्रश्न आडवा येतो.

जोसेफ सालढाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें काढलेली आवृत्ति रोमन हस्तलिखितांवरून सिद्ध झाली. शांताराम बंडेलू ह्यांची १९५६ सालची आवृत्ति देवनागरी असली तरी मूळ पाठ तोच. दुसरा पाठ लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी हस्तलिखितांचा. त्याकडे जस्टिन अॅबट ह्यांनीं १९२३ सालीं लक्ष वेधलें. त्यांत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं बहुधा संस्कृत शब्द आढळतात. अॅबट ह्यांनीं हाच मूळ पाठ मानला. तसें असेल तर परकीय संज्ञा छपाईच्या वेळीं शिरल्या, आणि सावधपणाचें श्रेय किंवा दोष स्टीफन्स ह्यांचा नव्हे. उलट हा पाठ मागाहूनचा असेल, तर संस्कृतीकरण कोणा अज्ञात लेखकाचें ठरतें. ग्रंथ रोमन लिपींत छापला गेला एवढ्यावरून मूळ लेखनही रोमन होतें, असें सिद्ध होत नाहीं. देशी लिपींत ग्रंथ छापावे अशी स्टीफन्स ह्यांची इच्छा १६०८ च्या पत्रांत नमूद आहे. युरोपांत २४ साचे पुरतात, येथें सुमारें ६०० लागतात, ही अडचणही त्यांनीं तेथेंच सांगितली आहे.

ह्या वादाचा निर्णय नव्या प्रतींवांचून होणें नाहीं. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे, कीं गोवा, कारवार व मंगळूर भागांतील जुन्या दप्तरांत रोमन अक्षरांचीं पानें आढळल्यास तीं पोर्तुगीज समजून बाजूस टाकूं नयेत. वाचण्याची किल्ली सोपी आहे. ट, ड, ण हे मूर्धन्य वर्ण रोमन अक्षर दोनदा लिहून दाखवीत; ‘पुराण’ ह्यांत ‘एन’ हें अक्षर दोनदा येतें. ‘व’ पुष्कळदां ‘यू’नें लिहीत, आणि ‘एक्स’ हें अक्षर श-ष ह्यांचें द्योतक. चार-चार चरणांचे गट व शेवटीं यमक दिसलें, तर ती ओवी असण्याचा संभव आहे. पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत रामायण-महाभारताच्या कथाही रोमन लिपींत जतन झाल्या आहेत. तेव्हां असें पान ख्रिस्ती ग्रंथाचेंच असेल असेंही नव्हे.

असें एखादें पान मिळाल्यास धामाचें नांव व पवित्र आत्म्याची संज्ञा हीं दोन स्थळें प्रथम ताडून पाहावीं. त्यांपैकीं एकाही स्थळीं निराळें वाचन निघालें, तर त्या नव्या प्रतीच्या आधारें ह्या पुराणाच्या प्रतीकांची चर्चा पुन्हां आरंभावी लागेल.