३१ मार्चला गोदामातला हरभरा किती रुपयांचा धरायचा?

हरभऱ्याची आवक फेब्रुवारी-मार्चमध्ये जोरात असते आणि आर्थिक वर्ष संपते ३१ मार्चला. त्यामुळे माल खरेदी करून ठेवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीचे बरेचसे भांडवल वर्षअखेरीस कट्ट्यांत अडकलेले असते. बँकेत पैसा नाही म्हणून संचालकांना वाटते, यंदा तोटा झाला. सीए मात्र नफा दाखवतात आणि कर भरायला सांगतात. फरक असतो तो गोदामातल्या शिल्लक मालाच्या किमतीचा.

समजा, तुमच्या कंपनीने फेब्रुवारीत ४०० क्विंटल हरभरा ५,००० रुपयांनी आणि मार्चमध्ये ६०० क्विंटल ५,५०० रुपयांनी घेतला. एकूण खरेदी ५३ लाख. त्यातला ७०० क्विंटल ५,६०० रुपयांनी विकला. विक्री ३९ लाख २० हजार. नुसती वजाबाकी केली तर १३ लाख ८० हजारांचा ‘तोटा’ दिसतो. पण ३०० क्विंटल हरभरा अजून थप्पीला आहे. त्याची किंमत धरल्याशिवाय नफा-तोटा निघत नाही.

शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातला हरभरा घरी ठेवला, तर हा हिशेब त्याला लागू नाही. ते शेती उत्पन्न असून प्राप्तिकरातून मुक्त आहे. तोच हरभरा कंपनीने विकत घेतला की तो व्यापाराचा माल होतो.

रोख की देय?

प्राप्तिकर कायद्याच्या कलम १४५ नुसार व्यवसायाचा हिशेब रोख पद्धतीने किंवा व्यापारी म्हणजे देय पद्धतीने ठेवता येतो. कंपनीला मात्र ही निवड नाही; कंपनी कायद्याने देय पद्धतच बंधनकारक आहे. सभासदांचे पैसे द्यायचे राहिले असले तरी माल ताब्यात आला की खरेदी धरावी लागते. व्यापाऱ्याकडून येणे बाकी असले तरी विक्री झाली असे मानले जाते.

एकट्याच्या मालकीचे कृषी सेवा केंद्र असेल तर गोष्ट वेगळी. उलाढाल २ कोटींपर्यंत असल्यास कलम ४४एडी खाली विक्रीच्या ८ टक्के (बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा गृहीत धरून कर भरता येतो. तेव्हा शिल्लक साठ्याच्या किमतीवर कर अवलंबून राहत नाही. ही सवलत कंपनीला नाही.

साठ्याचा दर कोणता?

कंपनीला निवड आहे ती इथे. ‘आधी आला तो आधी गेला’ ही फिफो पद्धत धरली, तर शिल्लक ३०० क्विंटल मार्चच्या खरेदीतला मानायचा. दर ५,५००, किंमत १६ लाख ५० हजार, ढोबळ नफा २ लाख ७० हजार. भारित सरासरीने दर ५,३०० येतो, साठा १५ लाख ९० हजारांचा आणि नफा २ लाख १० हजार. त्याच मालावर ६० हजारांचा फरक!

हा फरक कायमचा नाही. या वर्षीचा अखेरचा साठा पुढच्या वर्षी सुरुवातीचा साठा होतो, त्यामुळे आज कमी दिसलेला नफा माल विकल्यावर पुढे दिसतोच. भाव चढते असले की फिफोने आधी जास्त नफा दिसतो, उतरते असले की उलट. शेवटचा माल आधी गेला असे मानणारी लिफो पद्धत भारतात प्राप्तिकरासाठी चालत नाही.

आमच्या मते, सैल धान्य एकाच थप्पीत मिसळत असेल तर भारित सरासरी सोयीची, कारण कोणता कट्टा कोणत्या खरेदीतला हे सांगताच येत नाही. बियाणे, कीटकनाशके यांना लॉट नंबर आणि मुदत असते. तिथे जुना माल आधी काढतातच, म्हणून फिफो बरी. यंदा कर कमी बसतो एवढ्यासाठी पद्धत निवडू नका.

दरात काय धरायचे?

खरेदी भाव, बाजार फी, हमाली, तोलाई, गोदामापर्यंतची वाहतूक आणि चाळणी-प्रतवारीचा खर्च साठ्याच्या किमतीत येतो. तयार मालाचे गोदाम भाडे, तारण कर्जावरचे व्याज आणि विक्रीचा खर्च त्यात येत नाही. वखार पावती बँकेकडे तारण असली तरी माल कंपनीचाच. तो साठ्यात धरायचाच.

भाव पडला असेल तर? खरेदी खर्च आणि विकून हाती येणारी निव्वळ रक्कम, यातली कमी असेल ती धरायची. बाजारात ५,२०० भाव आणि विक्रीचा खर्च १०० रुपये असेल, तर वरच्या दोन्ही पद्धतींत दर ५,१०० होतो आणि साठा १५ लाख ३० हजारांचा. मात्र भाव वाढला म्हणून साठ्याची किंमत वाढवायची नाही.

उत्पादक कंपन्यांना कलम ८०पीए खाली सभासदांच्या मालाच्या नफ्यावर पूर्ण वजावट होती, तोवर या आकड्यांकडे फारसे कोणी पाहिले नाही. ती वजावट करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पर्यंतचीच होती. (वरचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत; १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू असून त्यात क्रमांक बदलले आहेत.)

३१ मार्चला माल प्रत्यक्ष वजन करून मोजा. हरभरा सुकून घट येते आणि वहीतले क्विंटल थप्पीत सापडत नाहीत. वजनाच्या तक्त्यावर दोन संचालकांच्या सह्या घ्या, त्या दिवशीच्या बाजारभावाचा कागद जोडा आणि कोणती पद्धत धरली ते संचालक मंडळाच्या ठरावात लिहा. एकदा धरलेली पद्धत सबळ कारणाशिवाय बदलता येत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षीच सीएंसोबत बसून ती ठरवलेली बरी.